वेखंडाचा खळगा

माघ अर्धा सरला तरी थंडीनं आपलं बिऱ्हाड हलवलं नव्हतं. रात्रभर आभाळ धुतल्यासारखं लख्ख राहायचं आणि पहाटे दंव असं पडायचं, की तुराट्यांवरून थेंब गळायचे आणि वाटसरूला वाटावं, कुणी मागून चालत येतंय. सन तेहतीस-चौतीसची गोष्ट. मानोऱ्यापासून दोन कोसांवरच्या पळसखेडच्या शिवारात जगदेव मोट हाकत होता. हाकत कसला, बैलांची मनधरणी करत होता. मोटेचा नाडा भिजून काठीसारखा ताठ झालेला आणि बैल धावेच्या उतारावरून खाली उतरायला तयार नाहीत.

"अबे चाल ना बापा! का तुह्या लग्नाची वरात काढू?"

त्याची बायको तुळसाबाई पाटाच्या खालच्या वाकणाशी, वळणाच्या खोलगट जागेत, उकिडवी बसून लव्हाळा कापत होती. त्या वाकणात यंदा कांदा लावायचं जगदेवच्या मनात आलं होतं. वर्षभर तिकडं पाणी सोडलं नव्हतं, पण पावसाळ्यात तिथं आपोआप डबकं साचायचं आणि लव्हाळा कंबरेएवढा माजायचा. सापाच्या भीतीनं कुणी त्या बाजूला फिरकत नसे.

"एकदम हात घालू नको वं," जगदेव वरून ओरडला. "पह्यले काडीनं झोडप."

"मले शिकवता का? तुमाले जेवढे केस नाईत तेवढा लव्हाळा कापला म्या."

जगदेवनं टकलावरचं मुंडासं सारखं केलं आणि पुन्हा बैलांकडं वळला.

तुळसाबाई पन्नाशीच्या घरातली. उंचीनं बेताची, आवाजानं मात्र घराच्या आढ्याला लागणारी. नवव्या वर्षी लग्न होऊन या घरात आली, तेव्हा तिची सासू सोजरबाई हिनं तिच्या हातात दोन वस्तू दिल्या होत्या. एक, तांब्याची तार गुंडाळलेल्या मुठीचा विळा. दुसरी, पाटाच्या वरच्या अंगाला असलेल्या वेखंडाच्या गड्ड्याची राखण. पंचक्रोशीत दुसरं वेखंड नव्हतं. तलवारीसारखी उभी हिरवी पाती आणि खाली चिखलात आडवी पसरलेली, कडी-कडीची, तिखट वासाची गाठ. तान्ह्या लेकराचं पोट फुगलं की हीच गाठ सहाणेवर उगाळायची, सर्दी झाली की कपाळावर लेप द्यायचा, हिची पूड धान्यात टाकली की किडा पळतो. ज्या घरात पाळणा हलला, त्या घरातली बाई तुळसाबाईकडं यायचीच.

सोजरबाईचा नेम कडक होता. वेखंड विकायचं नाही आणि फुकटही द्यायचं नाही. न्यायला येईल तिनं घरून मूठभर ज्वारी आणायची आणि गाठ निघाली की त्या खळग्यात टाकायची. "खळगा रिकामा राह्यला त देणारीचं घर न घेणारीचं लेकरू, दोघायचंबी पोट रिकामं," सोजरबाई म्हणायची. मग पाटाच्या कडेला ज्वारीची दोन-चार ताटं उगवायची. ती मोजली की गावात किती पाळणे हलले ते कळायचं.

दर तीन वर्षांनी, माघात पातं पिवळं पडलं, की सगळा गड्डाच उपटून सोडवावा लागे. नाहीतर गाठी एकमेकींच्या उरावर बसतात आणि आतून पोकळ होतात. मधली जुनी गाठ काढून सावलीत सुकवायची आणि कोंबाच्या बोटाएवढ्या गाठी पुन्हा ओल्या मातीत वीत-वीत अंतरावर रोवायच्या. हे काम तुळसाबाई कुणाला करू देत नसे. सुनेलासुद्धा नाही.

पण गेल्या माघात तो गड्डा चोरीला गेला होता. अख्खा. विळ्यासकट.

आता तुळसाबाईच्या हातात होता तो सुनेचा नवा विळा. तिनं लव्हाळ्याचा एक झुबका मुठीत धरला, बुडाशी विळा ओढला आणि थांबली.

वास आला.

तिनं मूठ नाकाजवळ नेली. लव्हाळ्याच्या पात्यांत चार पाती वेगळी होती, कडेला पिवळी, मधून शिरेनं उठलेली. तिनं एक चुरगाळलं. तिखट, गोड, थेट कपाळात चढणारा वास. चाळीस वर्षं हाताला लागलेला. तो ओळखायला डोळे लागत नव्हते.

तिनं इकडंतिकडं पाहिलं. जगदेव धावेवर पाठमोरा. तिनं खुरपं घेतलं आणि झुबक्याच्या बुडाशी माती उकरायला लागली. वीतभर खाली एक गाठ लागली. तिच्यापासून वीतभरावर दुसरी. मग तिसरी. एका ओळीत, कोंब पूर्वेकडं करून. कोंब पूर्वेकडं करून लावायची रीत सोजरबाईची. साऱ्या शिवारात असं लावणारी बाई एकच होती.

पाचव्या गाठीशी खुरपं खण्णकन वाजलं. मुळांनी लोखंड कवटाळलं होतं. तिनं मुळं तोडली, चिखल पुसला. गंजानं खाल्लेला विळा, आणि मुठीवर हिरवी पडलेली तांब्याची तार.

तुळसाबाईचे हात त्या चिखलातच राहिले.

तापात दिसलेलं तिला आठवलं. गेल्या माघात हिवतापानं तिला गाठलं होतं. जगदेवनं तिला पाटाच्या कडेला पडलेली पाहिली आणि बैलगाडीत घालून घरी आणली. बारा दिवस ती शुद्धीत नव्हती. त्या तापात तिला सारखं दिसायचं की ती खोदते आहे. वरचा गड्डा उपटते आहे, खालच्या पाण्याशी नेऊन गाठी सोडवते आहे, आणि अंगात त्राण नसल्यामुळं पुन्हा वर जाववत नाही, म्हणून तिथंच, खालच्या ओल्या वाकणात, घाईघाईनं ओळ लावते आहे. उठल्यावर तिनं हे सून विजयमालेला सांगितलंही होतं. सून म्हणाली होती, "तापात तसंच दिसते, आत्याबाई. मले बाळंतपनात छपरावर म्हैस दिसे." दोघी हसल्या होत्या.

तेरा-चौदा दिवसांनी काठी टेकत ती पाटावर गेली तेव्हा गड्ड्याच्या जागी खळगा होता. रिकामा. ज्वारीचा एक दाणा त्यात नव्हता. आणि शेजारच्या वावरातली रूपला म्हणाली होती, "तू बिमार होती तवा तांड्यातली हिरी आलती तुह्या पाटावर. म्या आपल्या डोयानं पाह्यली."

झालं. एवढ्यावर तुळसाबाईनं जोडलं. हिरीबाई टेकडीपलीकडच्या तांड्यातली, मोळ्या विकणारी बाई. तिच्या लेकीला मुलगी झाली होती, तिचं पोट फुगायचं, म्हणून ती वेखंड मागायला आली होती. "माघात सोडवीन तवा ये," तुळसाबाईनंच तिला सांगितलं होतं. तिला देण्याआधीच तिनं उपटून नेलं, आणि नेम मोडून खळगा रिकामा ठेवला. ज्वारी टाकायचीही लाज तिला वाटली नाही.

पुढचं तुळसाबाईला आठवायचं नव्हतं. पण चिखलातला विळा हातात होता आणि आठवण काही मोट नव्हती, की वाटलं तेव्हा सोडून द्यावी.

हिरीबाई मोळी घेऊन गावात आली त्या सकाळी मारुतीच्या पारापाशी दहा-बारा माणसं ऊन खात बसली होती. तुळसाबाईनं तिला तिथंच अडवली. आवाज तर आढ्याला लागणाराच. चोर म्हणाली, लमाणीण म्हणाली, आणखी म्हणू नये ते म्हणाली. रामराव पाटलानं कोतवाल लखमाला सांगितलं, बाईचं बोचकं पाहा. लखमा बाईच्या सामानाला हात लावायला कचरला. तेव्हा तुळसाबाईनं स्वतः ते बोचकं सोडलं. अर्धी भाकर, मिठाचा खडा, आरशाचा तुकडा आणि तान्ह्या पोरीचं एक झबलं, आरसे लावून शिवलेलं. गाठ त्यात लपवली असेल म्हणून तुळसाबाईनं ते झबलं उलटं करून झटकलं. दोनदा झटकलं.

काही पडलं नाही.

हिरीबाई रडली नाही, भांडली नाही. झबल्याची घडी घालून पुन्हा बोचक्यात ठेवत एवढंच म्हणाली, "तूच बोलावलं म्हणून आलती मी, बाई. खळगा पाह्यला न वापस गेली. ज्वारी होती माह्या पदरात."

त्या दिवसापासून हिरीबाईनं पळसखेडची वाट सोडली. दोन कोस आणखी चालून ती मानोऱ्याला मोळ्या विकायला लागली. आणि तुळसाबाई? वर्षभरात चौदा बायका वेखंड मागायला आल्या. चौदाही जणींना तिनं दारातच सांगितलं, "कुठलं वं वेखंड? तांड्यानं नेलं." आणखी एक गोष्ट तिनं वर्षभरात केली होती. सोजरबाई सांगायची की या वेखंडाची पहिली गाठ मिठाच्या गोण्यांसंगं लमाणाच्या बैलावरून आली. आधी हे तुळसाबाई मोठ्या हौसेनं सांगायची. गेल्या वर्षापासून तिनं ते सांगायचं सोडलं होतं.

"अवं, बसली काहून?" जगदेव ओरडला. "जनावर निघालं का?"

"नाई," ती म्हणाली. "काई नाई."

आणि तिनं तो विळा पुन्हा चिखलात दाबला. वरून माती ओढली. गाठींवरही माती ओढली. वर कापलेला लव्हाळा टाकला. पन्नास वर्षांची, नातवंडांची आजी, आणि मांजर जसं मागचे पाय झाडून माती लोटतं तशी ती माती लोटत होती. हे तिचं तिलाच दिसलं आणि कानशिलं तापली.

घरी येऊन तिनं राखेनं हात घासले. चिंचेनं घासले. शेण कालवून पाहिलं. विजयमाला चुलीशी भाकरी थापत होती. सासू ताटावर बसली तशी तिनं मान वर केली.

"आत्याबाई, वेखंडाचा वास येऊन राह्यला."

"कुठून येईन? नाक तपासून घे तुहं."

"तुमच्या हाताले येऊन राह्यला ना."

तुळसाबाईनं हात पदराखाली घेतला. भाकरीचा तुकडा तोडला, पण तोंडाजवळ नेला की तोच वास. तिनं ताट सारलं. विजयमालेनं भाकरी तव्यावर टाकली. भाकरी परतता परतता तिनं फक्त एकदा सासूच्या पदराकडं पाहिलं, आणि ते पाहणं तुळसाबाईला शिवीपेक्षा जड गेलं.

सांजेला दिवा लावायच्या वेळी तिनं जगदेवला सांगितलं. सगळं, एका दमात, भिंतीकडं तोंड करून. जगदेव चिलीम भरत होता. त्यानं ती भरून संपवली, मगच बोलला.

"कोनाले ठावं हाये?"

"मले."

"तुले ठावं असून काय होते? पाटलानं झडती घ्यायले लावली. आता पाटलाले खोटं पाडशीन? गाठी उचल, वर लाव, मानोऱ्याहून आनल्या म्हन."

"मानोऱ्यात वेखंड हाये का कुठं?"

"मंग काय करतं? तांड्यात जाऊन पाया पडतं?"

तुळसाबाईनं दिव्याची वात पुढं सारली. खरं सांगायचं तर तिला तेही करायचं नव्हतं. वाटत होतं, पुन्हा ताप यावा. अंगावर घोंगडी घेऊन बारा दिवस पडावं आणि उठल्यावर सगळं तापातलंच निघावं.

ताप आला नाही. सकाळी ती वाकणात गेली, गाठी काढल्या, त्यातल्या चांगल्या कोंबाच्या चार ओल्या फडक्यात बांधल्या, विळा कंबरेला खोवला आणि टेकडी चढायला लागली. बाजारात चोरलेल्या वस्तू लपवाव्यात तसा तिनं विळ्यावर पदर ओढला होता. टेकडीवर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की लपवायचाच असता तर आणायचा कशाला. तिनं पदर मागं सारला.

तांड्याच्या तोंडाशी नाईक दौलतसिंग खाटेवर बसून वाकाची दोरी वळत होता. त्यानं तिला दुरूनच ओळखली.

"या, बाई! आज कोन्याची झडती घ्यायची हाये? माह्यापासून सुरू करा. धोतर झटकून दाखवतो."

बाजूला बसलेल्या दोन म्हाताऱ्या पदराआड हसल्या. तुळसाबाईची मान खाली गेली.

"हिरीबाईचं घर कोनतं?" तिनं विचारलं. गेल्या वर्षी ती "हिरे" म्हणाली होती. दौलतसिंगाचा वाक वळणारा हात जरा थांबला. त्यानं हनुवटीनं घर दाखवलं.

हिरीबाई अंगणात बसून मोळीसाठी काटक्या सारख्या करत होती. दंडापर्यंत पांढरी कडी, मोळ्या वाहून डोक्यावरचे केस मधोमध विरळ झालेले. जवळच सव्वा-दीड वर्षाची एक पोर धुळीत बसून कोंबडीला दम देत होती. तिच्या अंगात तेच झबलं होतं, आता आखूड झालेलं. एक आरसा गळून पडला होता, त्या जागी धागा लोंबत होता. तुळसाबाईला वाटलं, तो आपल्याच झटकण्यानं पडला. कदाचित नसेलही. पण तिची नजर तिथून हलेना.

हिरीबाईनं तिच्याकडं पाहिलं. बस म्हणाली नाही. ऊठही म्हणाली नाही.

तुळसाबाईनं विळा काढून जमिनीवर ठेवला. त्याच्या शेजारी फडकं सोडलं.

"माह्याच पाटात होतं," ती म्हणाली. एरवी आढ्याला लागणारा आवाज आज ओठांतून बाहेर पडेना. "खालच्या वाकनात. म्याच लावलं होतं. हिवताप भरला होता... मले वाटलं सपन पडलं."

हिरीबाईनं विळा उचलला, तांब्याच्या तारेवरून अंगठा फिरवला.

"हाच का थो? याचीबी चोरी टाकली होती ना माह्यावर?"

"व्हय."

"मले वाटलं, सोन्याच्या मुठीचा असन." तिनं तो पुन्हा खाली ठेवला. "गंजला."

"पोरीचं पोट..."

"वव्याच्या पान्यानं राह्यलं. रडली लय. मंग राह्यलं." हिरीबाई पुन्हा काटक्या सारख्या करायला लागली. "धनी नाव हाये तिचं. आता दगडबी पचवते."

तुळसाबाईनं चार गाठींचं फडकं पुढं सरकवलं. "घे ना वं. हे तुहं. म्या कबूल केलं होतं."

"नाई."

"हिरीबाई, माह्याच्यानं चुकी झाली..."

"आयक," हिरीबाईनं काटक्या खाली ठेवल्या. "इथं कोन हाये? मी, तू न कोंबडी. तू मले चोर म्हनली तवा पाराजवळ दहा-बारा मानसं होते. माह्या नातीचं झबलं तू त्यायच्या पुढं झटकलं. घरात बोललेलं घरात राह्यते, बाई. उद्या मोळी घेऊन मी मानोऱ्याले न जाता तुह्या गावातून जातो. पाराजवळ थांबतो. बोलायचं असन त तिथं बोल. नाई बोलली त मी पुढं चालली जाईन. मले सवय हाये दोन कोसाची."

एवढं बोलून तिनं धनीच्या नाकाला लागलेला शेंबूड पदराच्या टोकानं पुसला. तुळसाबाईनं विळा उचलला, फडकं बांधलं. परत जाताना दौलतसिंगानं वाकावरून मान वर केली नाही. ते तिला झडतीच्या टोमण्यापेक्षा जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी पारावर नेहमीचीच मंडळी होती. रामराव पाटील घोंगडी पांघरून बसला होता, कोतवाल लखमा काठी टेकून उभा, आणि किराण्याच्या दुकानाचा बबनराव दात कोरत होता. तुळसाबाई येऊन पाराच्या कडेला उभी राहिली. हातात फडकं आणि विळा.

"काय वं तुळसा, सकाळीच विळा घेऊन?" पाटील म्हणाला. "कोनाचा मुडदा पाडतं?"

ती वेशीकडं पाहत राहिली. वेशीतून मोळ्या येताना दिसल्या. पाच-सहा बायका, डोक्यावर काटक्यांचे भारे. हिरीबाई मधली. पारापाशी येऊन ती थांबली. भारा उतरवला नाही. डोक्यावर तसाच धरून उभी राहिली. बाकीच्या बायकाही थांबल्या.

तुळसाबाईनं फडकं छातीशी धरलं. तिनं मागं पाहिलं. मारुतीच्या देवळाच्या भिंतीआड जगदेव उभा होता, मोटेचे बैल घरी सोडून. परवा "पाटलाले खोटं पाडशीन?" म्हणणारा माणूस. त्यानं मान हलवली नाही, तिच्याकडं नुसतं पाहिलं.

"गेल्या माघात," तुळसाबाई म्हणाली, आणि आवाज फुटला. तिनं पुन्हा सुरुवात केली. "गेल्या माघात म्या इथं या बाईले चोर म्हनलं. वेखंड तिनं नेलं नव्हतं. माह्याच पाटाच्या वाकनात होतं. तापात म्याच पुरलं न म्याच इसरली. हा विळाबी तिथंच निघाला." तिनं विळा वर धरला. "तिनं काई नेलं नव्हतं. चोर मी हाओ."

मग बबनरावनं दातातली काडी काढली.

"म्हंजे बुढीनं आपलंच वेखंड चोरलं न आपल्याच वावरात लपवलं! लखमा, बांध हिले!"

हशा पिकला. पारावरचे सगळे हसले. लखमाही हसला. तुळसाबाईनं पदर तोंडावर ओढला, पण लगेच खाली घेतला. हिरीबाईनं त्या दिवशी पदर ओढला नव्हता, हे तिला आठवलं.

रामराव पाटील मात्र हसला नाही. झडती त्यानं सांगितली होती.

"बरं बरं," तो म्हणाला. "झालं ते झालं. वर्षाची गोठ. घरी जा तू तुळसा, उगाच तमाशा नको करू."

"तमाशा म्या तवा केला, पाटील," ती म्हणाली. "तवा तुमी घरी जा नाई म्हनले."

पाटलानं घोंगडी कानावर ओढली. थंडी एकदम वाढल्यासारखी.

हिरीबाईनं भारा डोक्यावरून खाली उतरवला. चोळीसारख्या कांचळीच्या खालून एक पुरचुंडी काढली आणि तुळसाबाईपुढं हात केला. हात रिकामा, पुढं केलेला.

तुळसाबाईनं फडक्यातली सर्वांत मोठी गाठ तिच्या हातावर ठेवली. हिरीबाईनं ती नाकाजवळ नेली, हुंगली आणि दोन मोळीवाल्या बायकांना हुंगायला दिली. मग पुरचुंडी सोडून मूठभर ज्वारी तुळसाबाईच्या ओंजळीत टाकली.

"मोजून घे पाहिजे त," ती म्हणाली. "खळगा भर. रिकामा ठेवनाऱ्या आमी नाई."

"माह्या घरी चाल ना. पानी तरी पी."

"मोळी इकायची हाये."

तिनं भारा डोक्यावर घेतला. दोन पावलं गेल्यावर मान न वळवता म्हणाली, "आनखी एक गाठ सुकवून ठेवजो. माह्या दुसऱ्या लेकीचे दिवस भरत आले."

तेवढंच. ती बबनरावाच्या दुकानासमोर थांबली आणि त्यानं मोळीला हात लावला तसं त्याला भाव सांगितला. त्यानं कमी करायला सांगितला तेव्हा तिनं त्याला काहीतरी असं सुनावलं, की पारावरचे पुन्हा हसले, यावेळी त्याला.

तुळसाबाई पाटावर आली. वरच्या अंगाचा जुना खळगा वर्षभरात पालापाचोळ्यानं अर्धा भरला होता. तिनं तो हातानं साफ केला आणि तळाशी ज्वारी टाकली. वर एक कोंबाची गाठ ठेवली, कोंब पूर्वेकडं करून. माती ओढली. पायानं नाही, हातानं दाबली. उरलेल्या गाठी वीत-वीत अंतरावर रोवत ती पुढं सरकत गेली. उन्हाळ्यात पाटाच्या कडेला ज्वारीचं ताट उभं राहिलं, तर येणारी-जाणारी विचारणार होती, हे कोनाच्या घरचं. आणि तिला दर वेळी सांगावं लागणार होतं.

वर मोटेच्या चाकाचा कणा कुरकुरला. जगदेव बैल घेऊन परत आला होता.

"अवं, पानी येऊन राह्यलं! बारं मोड!"

तुळसाबाईनं कंबरेचा गंजका विळा दगडावर ठेवला, फावडं उचललं आणि पाटाच्या तोंडावरची माती ओढून बाजूला केली. गढूळ पाणी वळून आत आलं. मग ती पाण्यामागून वाकणाकडं चालत गेली, कांद्याचा पहिला वाफा भरायला.